गरम वर्कशॉपमध्ये दडणारा बिघाड : उणे २७ अंशांत पेटलेल्या चेक इंजिन दिव्याचा तपास

गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती आणि पारा उणे २७ अंशांवर गेला होता. सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिनाने कण्हत कण्हत दोन-तीन फेऱ्या घेतल्या, कसेबसे सुरू झाले, आणि डॅशबोर्डवर दिव्यांची रांग लागली. एबीएस, स्टिअरिंग, टायरमधली हवा आणि पिवळा चेक इंजिन. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर बरेचसे दिवे विझले. टायरचा आणि चेक इंजिनचा तेवढा उरला. मालकाचे म्हणणे होते की सगळे एकदमच पेटले, म्हणजे कारण एकच असणार, आणि ते म्हणजे थंडी.

गाडी दीड लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो लावलेली पेट्रोल. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी. रोजची धाव जायला नऊ किलोमीटर, यायला नऊ. सकाळी निघण्याआधी मालक रिमोटने गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटे जागेवरच चालू ठेवत. ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन विजेवर गरम करणारे उपकरण, बसवलेला होता, पण त्याची वायर वापरात नव्हती. आणखी एक गोष्ट विचारल्यावर कळली. थंडी सुरू होताना, पारा शून्याच्या थोडा वर असताना, हाच पिवळा दिवा एकदा लागला होता. तेव्हा एका वर्कशॉपने कोड पुसून दिला होता, ‘थंडीत असं होतंच’ असे सांगून. त्यानंतर तो कोड पुन्हा आला नव्हता. ही शेवटची गोष्ट मालकाने जाता जाता सांगितली. आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तीच होती.

आधी दिव्यांची विभागणी

कडाक्याच्या थंडीत दिवे टोळीने पेटतात, म्हणून पहिले काम त्यांची फाटाफूट करण्याचे. तेलाच्या दाबाचा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन बंद करायचे, बाकी चर्चा नंतर. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करते आहे आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढते आहे. तेव्हाही गाडी दामटायची नसते. या गाडीत तेलाचा दिवा वेळेवर विझत होता आणि चेक इंजिन स्थिर जळत होता. म्हणजे सवडीने शोध घेता येणार होता.

स्कॅनर लावल्यावर तीन प्रकारचे कोड निघाले. यू मालिकेतले काही, म्हणजे एका कंट्रोल युनिटचा दुसऱ्याशी संपर्क तुटल्याचे. पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा. आणि पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याचा. चेक इंजिनचा दिवा या तिसऱ्याने लावला होता.

पहिल्या दोघांचे नाते उघड होते. लेड-अॅसिड बॅटरीची रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ च्या आसपास तिची स्टार्टर फिरवण्याची ताकद उन्हाळ्याच्या मानाने जवळपास निम्म्यावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेले तेल स्टार्टरकडून जास्त जोर मागते. आमच्या मापनात स्टार्ट होताना व्होल्टेज ७.९ पर्यंत घसरले. लोड टेस्टच्या (बॅटरीवर भार टाकून घेतलेल्या चाचणीच्या) तक्त्यांत २१ अंशांना ९.६ व्होल्ट ही खालची रेघ मानतात, उणे १८ ला ती ८.५ वर येते. ७.९ म्हणजे उणे २७ चा हिशेब धरूनही कमीच. इतक्या खाली व्होल्टेज गेले की एखादे कंट्रोल युनिट क्षणभर झोपते, बाकीची त्याला हाका मारतात आणि उत्तर न आल्याची नोंद करून ठेवतात. एबीएस आणि स्टिअरिंगचे दिवे तिथून आले होते. ब्रेकमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये काहीही झालेले नव्हते.

बॅटरी मात्र आम्ही बदलली नाही. उभ्या गाडीत तिचे व्होल्टेज १२.३ होते, म्हणजे ती मेलेली नव्हती, उपाशी होती. थंड बॅटरी चार्ज सावकाश घेते, आणि नऊ किलोमीटरच्या धावेत हीटरचा पंखा, काचेची तापतार, सीटचा हीटर हे सगळे चालू असताना तिच्या वाट्याला फारसे काही येत नाही. रात्रभर चार्जरवर ठेवल्यावर ती १२.७ वर गेली आणि लोड टेस्टही पास झाली. ते यू मालिकेतले कोड पुन्हा आले नाहीत. थंडीत कितीतरी चांगल्या बॅटऱ्या केवळ चार्ज न करता भंगारात जातात.

टायरचा दिवा हा निव्वळ भौतिकशास्त्राचा भाग. २० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर उणे २५ ला सुमारे ७ पीएसआयने उतरतो, कुठेही पंक्चर नसताना. हवा भरून विषय संपला. फक्त ती गरम वर्कशॉपमध्ये लेबलावरच्या आकड्याइतकी भरली, तर बाहेर गेल्यावर दिवा पुन्हा लागतो. तपमानातला फरक धरून थोडी जास्त भरावी लागते, किंवा सरळ बाहेर थंडीत उभे राहून भरावी.

मालकाची आठवण आणि गाडीची नोंद

मग राहिला पी०१७१. ‘सगळे एकदम पेटले’ हे खरे असते तर हाही स्टार्टच्या वेळचाच ठरला असता. पण कोड नोंदवताना गाडी त्या क्षणाची स्थितीही साठवते, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. त्यात आकडे असे होते: वेग शून्य, इंजिनच्या फेऱ्या ८१०, इंजिन सुरू होऊन १,४८० सेकंद झालेले, कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) तपमान ५३ अंश, आत येणाऱ्या हवेचे उणे १४. अल्पकालीन फ्युएल ट्रिम (पेट्रोल हिशेबापेक्षा किती कमी-जास्त करावे लागते तो आकडा) अधिक ९ टक्के, दीर्घकालीन अधिक २३.

१,४८० सेकंद म्हणजे जवळपास पंचवीस मिनिटे. हा कोड सकाळच्या स्टार्टशी संबंधित असूच शकत नव्हता. दिवा लागल्यापासून गाडी किती चालली हेही अनेक गाड्या नोंदवतात. तो आकडा २१ किलोमीटर होता आणि त्या सकाळपासून गाडी चालली होती १२. म्हणजे चेक इंजिनचा दिवा आदल्या दिवशीच लागला होता, कामाच्या ठिकाणी पोचून गाडी थांबताना. संध्याकाळी परतताना तो लक्षात आला नाही आणि सकाळच्या रोषणाईत बाकीच्यांबरोबर दिसला. माणूस खोटे बोलत नव्हता, त्याला दिसले तेच त्याने सांगितले. पण दोन वेगळ्या बिघाडांची एक गोष्ट झाली होती आणि त्या गोष्टीवर विश्वास ठेवला असता तर बॅटरी चार्ज करून, कोड पुसून गाडी परत गेली असती.

आता ट्रिमकडे पाहू. अधिक ९ आणि अधिक २३ मिळून ३२ टक्के, म्हणजे मिश्रण नीट ठेवण्यासाठी कॉम्प्युटर हिशेबापेक्षा जवळपास एक तृतीयांश पेट्रोल जास्त ओतत होता. यावर एक ठराविक खुलासा ऐकू येतो की थंड हवा दाट असते, म्हणून मिश्रण पातळ होणारच. हवा दाट असते हे खरे, उणे २७ ची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त दाट असते. पण या गाडीतला एअरफ्लो सेन्सर हवेचे वस्तुमानच मोजतो. दाट हवा आली की तो तसे कळवतो आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढते. ट्रिमला त्याचा पत्ताही लागायला नको. ट्रिम ३२ वर गेली याचा अर्थ सेन्सरला न भेटता हवा आत येत होती, किंवा पेट्रोल पोचत नव्हते.

या दोघांत निवड करणे सोपे आहे. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिनावर भार आला की कमतरता वाढते. चोरवाटेने हवा येत असेल तर ती जागेवर चालू असताना सगळ्यात जास्त जाणवते, कारण तेव्हा इंजिन थोडीच हवा ओढत असते आणि त्यात चोरीचा वाटा मोठा ठरतो. कोड पडला तेव्हा वेग शून्य होता. संशय चोरहवेवर गेला.

आणि इथेच गाडीने हात वर केले. वर्कशॉपच्या उबेत ट्रिम सगळ्या फेऱ्यांना अधिक ५ च्या आत. धूर सोडून इनटेक, म्हणजे हवा आत येण्याची वाट, तपासली, कुठेही गळती नाही. मालकाने दिवा पाहून त्या सकाळीच तेल तपासले होते आणि डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) चांगली दाबून बसवली होती, हे आम्ही कागदावर लिहून ठेवले. कोड पुसला नाही. पुसला असता तर फ्रीज फ्रेम गेली असती, आणि तिच्यात अजून एक न सुटलेला आकडा होता.

५३ अंश

इंजिन पंचवीस मिनिटे चालले, त्यात नऊ किलोमीटरची धाव झाली, तरी कूलंट ५३ अंशांवर. डॅशबोर्डवरचा काटा यावर फारसे बोलत नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, तर काहींत काटाच नसतो, थंड इंजिनाचा निळा दिवा तेवढा असतो आणि तो लवकर विझतो. हीटरमधून हवा कोमट येते ही मालकाची जुनी तक्रार होती, आणि तिलाही उत्तर थंडी हेच मिळाले होते.

थंडी सुरू होताना पुसलेला कोड कोणता, हे त्या वेळच्या कागदावरून कळले. पी०१२८. इंजिन अपेक्षित वेळात थर्मोस्टॅटच्या तपमानाला पोचत नाही, असा त्याचा अर्थ. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. मग उणे २७ मध्ये तो पुन्हा का आला नाही? सगळे म्हणतील, बरा झाला असेल. खरे उत्तर वेगळे आहे. अनेक गाड्यांत ठराविक तपमानाखाली, साधारणपणे उणे ७ च्या खाली इंजिन सुरू झाले, तर काही चाचण्या कॉम्प्युटर घेतच नाही, कारण इतक्या थंडीत निकाल भरवशाचा नसतो. कोड आला नाही कारण परीक्षाच झाली नाही. हिवाळा जितका कडक, तितकी या गाडीची प्रगतिपुस्तकातली ती ओळ कोरी.

मग दुसरी नोंद काढली. कोड पुसल्यापासून गाडी ८४० किलोमीटर चालली होती, म्हणजे नऊ-नऊ किलोमीटरच्या नव्वदच्या वर फेऱ्या. त्याच काळात इंजिन ‘गरम झाल्याच्या’ फेऱ्या किती? ३. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेच्या, हिशेबात फेरी मोजली जायची तर कूलंट सुरुवातीपेक्षा निदान २२ अंशांनी चढून ७१ अंशांना पोचावे लागते. नव्वद वेळा इंजिन सुरू झाले आणि ७१ ला पोचले ते तीन वेळा.

हा पुरावा बोलका आहे, पण पुरेसा नाही. कडक थंडीत, हीटर पूर्ण उघडा ठेवून, छोटे इंजिन नऊ किलोमीटरमध्ये निरोगी असूनही ७१ ला पोचेलच असे नाही. शिवाय सेन्सरच खोटे सांगत असेल तर सगळाच डोलारा कोसळतो. म्हणून गाडी रात्रभर आवारात उघड्यावर ठेवली, ब्लॉक हीटर न लावता.

सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून आकडे वाचले. बाहेरची हवा उणे २६, आत येणारी हवा उणे २५, कूलंट उणे २५, तेल उणे २४. रात्रभर गारठलेल्या गाडीत सगळ्या सेन्सरनी एकच उत्तर द्यायला हवे आणि दिले. दहा-बारा अंशांचा फरक दिसला असता तर वेगळा निघालेला सेन्सर संशयित ठरला असता. या साध्या तपासणीला यंत्रसामग्री लागत नाही, फक्त गाडीला हात न लावण्याचा संयम लागतो. एक सापळा मात्र लक्षात ठेवावा. तपमानाच्या सेन्सरची वायर तुटली की बहुतेक गाड्या उणे ४० दाखवतात, आणि ओबीडीच्या त्या मोजपट्टीचा तळही उणे ४० च आहे. उन्हाळ्यात हा आकडा पाहून कोणीही हसेल. उणे ३० मध्ये तो खराही वाटू शकतो.

मग गाडी रस्त्यावर काढली. शहरी वेगात कूलंट ६६ पर्यंत चढला. मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० ला गेल्यावर तो उतरू लागला, ६२, ५९, ५७. थांबून जागेवर चालू ठेवली तर पुन्हा वर. वेग वाढला की इंजिन गार आणि थांबले की गरम, हे उघडा अडकलेल्या थर्मोस्टॅटचे लक्षण. खात्रीसाठी इंजिन पुन्हा पूर्ण गार होऊ दिले आणि सुरू केल्यावर रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. या इंजिनात थर्मोस्टॅट बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे, तेव्हा तो बंद असताना हा होज थंडच राहायला हवा. कूलंट ३५ अंशांवर असतानाच होज आणि रेडिएटरची टाकी दोन्ही तापायला लागली होती. थर्मोस्टॅट ८८ अंशांना उघडणारा होता.

बाहेरच्या थंडीतली तपासणी

थर्मोस्टॅट बदलला की पी०१७१ ही जाईल, असे म्हणायला अजून आधार नव्हता. उघडा थर्मोस्टॅट इंजिन गार ठेवतो, पण त्याने चोरहवा येत नाही. मधली कडी हवी होती. सुटा भाग यायला काही दिवस होते, तोवर मालकाला गाडी नेहमीसारखीच वापरायला सांगितली. अटी तीनच. डिपस्टिकला हात लावायचा नाही. जळक्या तेलाचा वास आला किंवा तेलाचा लाल दिवा दिसला तर तिथेच इंजिन बंद करायचे. आणि आयडलिंग खालीवर व्हायला लागले की गाडी थेट आणायची, पण आत घ्यायची नाही, आवारात उभी करायची.

ती तशी आली तेव्हा बाहेर उणे २४ होते. इंजिन चालूच ठेवून स्कॅनर लावला. जागेवर ट्रिम अधिक २९, फेऱ्या २,५०० वर नेल्यावर अधिक ६. बोनेट उघडले. डिपस्टिकची पिवळी कडी आपल्या जागेपासून बोटभर वर आली होती आणि नळीच्या तोंडाभोवती तेलाचा ताजा ओघळ होता. कडी अंगठ्याने दाबून खाली बसवली. स्कॅनरवरचा आकडा काही सेकंदांत उतरू लागला आणि अधिक ४ वर येऊन थांबला. आयडलिंगची धडधडही थांबली. कडी पुन्हा बोटभर वर ओढली की आकडा परत चढला. हे दोन-तीनदा करून पाहिले, कारण असा खुलासेवार बिघाड रोज मिळत नाही.

चोरहवेची वाट डिपस्टिकची नळी होती. मालकाने त्या सकाळी तेल तपासून डिपस्टिक घट्ट बसवली, आणि नकळत बिघाड दुरुस्त करून ठेवला.

मग डिपस्टिक वर कोण ढकलत होते? क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या इंजिनाच्या पोटातला दाब. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायू नेहमीच खाली झिरपतो आणि तो ब्रीदर पाइपाने परत इनटेकमध्ये जातो. टर्बो इंजिनात ही व्यवस्था दुहेरी असते. जागेवर चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमधली ओढ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून वायू खेचून घेते. जोर दिला, टर्बोचा दाब (बूस्ट) आला, की तो व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायूला टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडणारा ब्रीदर होज ही एकच वाट उरते. तो होज आम्ही चिमटीत धरला. रबराचा असूनही तो काठीसारखा कडक लागला. इनटेक पाइपाला जिथे जोडला होता तिथून सोडवला तेव्हा तोंडात करडा-तपकिरी, तेलकट बर्फाचा बुच्चा दिसला, पलीकडे उजेड दिसणार नाही इतका पक्का. होजवरचे फोमचे आवरण नेमके त्याच टोकाला गळून गेले होते.

आता फ्रीज फ्रेमची गोष्ट जुळली. चढावर किंवा ओव्हरटेकला जोर दिला की वायू कोंडायचा आणि डिपस्टिक उचलायचा. मग गाडी थांबली की मॅनिफोल्डची ओढ क्रँककेसमधून, म्हणजेच उघड्या नळीतून, बाहेरची हवा आत घ्यायची. वेग शून्य, ट्रिम ३२. आणि वर्कशॉपच्या उबेत काही तास गाडी राहिली की बुच्चा वितळून जायचा, निदानाला काही उरायचेच नाही.

इतके पाणी आले कुठून

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जाते, थोडे रिंगांतून खाली उतरते. इंजिन नीट तापले की तेलातला हा ओलावा उडून जातो. ५०-६० अंशांवर घुटमळणाऱ्या इंजिनात तो गार भिंतींवर जमतो, तेलात मिसळतो आणि उरलेली वाफ ब्रीदरमधून जाताना उणे २४ च्या हवेला भेटताच गोठते. रोज थोडा थर चढतो. यात जागेवर पंधरा मिनिटे चालू ठेवण्याच्या सवयीची भर. आयडलिंगला इंजिन फार सावकाश तापते, थंड इंजिन जास्त पेट्रोल मागते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते. थेट फवारणीच्या इंजिनांत ही खोड अधिकच. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही वर होते आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. तेल वाढलेले पाहून लोक खूश होतात, इथे ती वाईट बातमी असते.

ऑइल फिलर कॅपच्या आत फिकट मलईसारखा लेप होता. तो पाहून अनेकांचा हात थेट हेड गॅस्केटकडे जातो, कारण ते फुटले तर कूलंट तेलात मिसळून असाच लेप होतो. पण कूलंटची पातळी जराही उतरली नव्हती, यंत्रणेत दाब भरून ठेवला तो टिकला, कूलंटमध्ये जळक्या वायूचा अंशही सापडला नाही. लेप फक्त वरच्या, सगळ्यात गार भागात होता. गॅस्केट निर्दोष होते. थंडीत छोट्या धावा करणाऱ्या गाडीत हा लेप एकटा दिसला तर तो ओलाव्याचा असण्याची शक्यताच जास्त.

याच ओलाव्याची अधिक घातक बाजू म्हणजे सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) तळाशी साचलेले पाणी. ते गोठून तेल ओढणाऱ्या जाळीवर बसले तर पंपाला तेल मिळत नाही, आणि मग लागतो तो लाल दिवा. म्हणून तेल बदलण्याआधी गाडी मुद्दाम रात्रभर आत ठेवली. सम्पचा बोल्ट सोडल्यावर आधी पाणी आले, मग तेल.

काय बदलले

थर्मोस्टॅट त्याच्या हाउसिंगसकट. काढलेला भाग खोलीच्या तपमानाला उजेडाकडे धरला तर व्हॉल्व्हच्या कडेने फट स्पष्ट दिसत होती. ब्रीदर होज नवा, पूर्ण आवरणासह. डिपस्टिकची ओ-रिंग. तेल आणि फिल्टर. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू आणि ०डब्ल्यू या तेलाच्या दोन्ही प्रती (आकडा लहान तितके तेल थंडीत जास्त वाहते) चालतील असे होते. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रमाणानुसार ५डब्ल्यूची पंपातून वाहण्याची चाचणी उणे ३५ ला होते आणि ०डब्ल्यूची उणे ४० ला, त्यामुळे इथे ५डब्ल्यूनेही भागले असते. तरी रात्रभर उघड्यावर राहणाऱ्या गाडीत ०डब्ल्यू भरले, बॅटरीवरचा भार तेवढाच हलका.

कूलंट रिफ्रॅक्टोमीटरने तपासला. निम्मे इथिलीन ग्लायकॉल, निम्मे पाणी, गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास, म्हणजे योग्य. ‘थोडं जास्त घट्ट टाका’ असा आग्रह मालकाने धरला, तो मानला नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठते; प्रमाण एका मर्यादेपलीकडे नेले की संरक्षण घटते. टर्बोचा कॉम्प्रेसर आरशाने पाहिला, कारण बर्फाचा तुकडा सुटून पात्यांवर आदळू शकतो. पाती धड होती. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलपाशी तेलाची ओल होती, कोंडलेल्या दाबाने आलेली. ती पुसून, खूण करून ठेवली.

कोड याही वेळी पुसला नाही. बिघाड गेला असेल तर सलग तीन निर्दोष धावांनंतर दिवा आपोआप विझतो, आणि तसा तो विझला. मिटलेला कोड आठवणीतून जायला आणखी ४० गरम फेऱ्या लागतात. आधीच्या थर्मोस्टॅटवर त्या मोजल्याच गेल्या नसत्या. आता उणे २२ मध्ये नऊ किलोमीटर संपता संपता कूलंट ७८ वर जात होता, मोकळ्या रस्त्यावर हीटर पूर्ण उघडा असताना ८८-८९ वर स्थिर राहत होता, जागेवर ट्रिम अधिक ३. थर्मोस्टॅटची चाचणी गाडीने स्वतः घेतलेली पाहायची होती, त्यासाठी पारा उणे ७ च्या वर येण्याची वाट पाहावी लागली. उणे ३ च्या एका सकाळी ती झाली आणि चाचणीच्या नोंदीत निकाल मर्यादेत दिसला.

तेल मात्र कूलंटपेक्षा बरेच मागून तापते, त्यामुळे नऊ किलोमीटरची धाव नव्या थर्मोस्टॅटवरही अपुरीच आहे. मालकांना दोन गोष्टी सांगितल्या. निघण्याआधी दोन-तीन तास ब्लॉक हीटर लावायचा आणि रिमोटचे लांबलचक आयडलिंग बंद करायचे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग, चांगल्या वेगात चालवायची. पुढच्या कडक थंडीत गाडी बाहेरूनच, आत न घेता, पुन्हा पाहिली. ब्रीदर होज चिमटीत दबत होता, डिपस्टिक जागच्या जागी होती, फिलर कॅपखाली लेपाचा पातळ थर होता पण तेलाला पेट्रोलचा वास नव्हता. मागच्या सीलपाशी केलेली खूण कोरडी होती, म्हणून गिअरबॉक्स उतरवून ते सील बदलण्याचे काम काढले नाही.